पर्याय क्रमांक एक

दाताच्या डॉक्टरांनी मला एकदा अकरा मिनिटं समजावून सांगितलं आणि त्यातलं मला काहीही कळलं नाही. घड्याळ खुर्चीसमोरच्या भिंतीवरच होतं, त्यामुळे अकरा हा आकडा नक्की आहे. खालची डावी दाढ दुखत होती. डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर लावला. ‘पल्प’, ‘पेरिएपिकल’, ‘प्रोग्नोसिस’ असे शब्द आले. मध्ये दोनदा “समजतंय ना?” असं विचारलं गेलं आणि दोन्ही वेळा मी मान हलवली. मग एका कागदावर सही केली. बाहेर आले तर रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, “काकू, मग काय ठरलं? क्या करवा रहे?”

मला सांगता येईना.

“मग सही कशावर केली?”

“ते तुम्हीच वाचून सांगा.”

त्यांनी कागद पाहिला. “नस सडली आहे. ती साफ करणार, आत मसाला भरणार, वरून कॅप लावणार. तीन वेळा यावं लागेल. और कुछ नहीं.”

हे मला कळलं.

तोवर इंदूरच्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवरून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. दुसऱ्याने लिहिलेलं वाचकाला कळेल असं करायचं, एवढंच तिथलं काम होतं. ते काम इतकी वर्षं केलेल्या माणसाने न कळलेल्या कागदावर सही केली, याचं मला वाईट वाटण्यापेक्षा नवल जास्त वाटलं. दुसऱ्या खेपेला मी डॉक्टरांना तसं सांगितलं.

डॉक्टर पस्तिशीच्या, सांगलीकडच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंदूरला आलेल्या. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीतला हा दवाखाना त्यांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतला होता. रिसेप्शनवरच्या बाई त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या वेळेपासूनच्या. घर मराठी, जन्म इथला, त्यामुळे त्यांचं एक वाक्य अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी असे.

“कुठं हरवलात?” डॉक्टरांनी विचारलं.

“पल्पपाशी.”

“म्हणजे पहिल्याच मिनिटाला.” त्या हसल्या. “सगळेच मान हलवतात, काकू. नंतर बाहेर जाऊन यांना विचारतात. समजावण्याचं काम खरं तर ह्याच करतात. काय सांगतात ते मला आजवर माहीत नाही.”

“सिंपल सांगते,” बाई दारातूनच म्हणाल्या. “आपकी तरह पिक्चर नहीं दिखाती.”

त्या संभाषणातून काम ठरलं. नेहमीच्या चार-पाच तक्रारींसाठी एकेक पानाचा कागद तयार करायचा. एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला मराठी. दाताला काय झालं आहे, काय काय करता येईल, प्रत्येकात काय होतं, हे साध्या भाषेत. रुग्णाने तो घरी न्यावा, वाचावा, घरच्यांशी बोलावं आणि मग यावं. मी एकच अट घातली: लिहिण्याआधी तीन आठवडे बाहेरच्या बाकावर बसून ऐकू द्या.

ते तीन आठवडे मला डेस्कवरच्या कोणत्याही महिन्यापेक्षा जास्त शिकवून गेले. आतून बाहेर आलेल्या माणसाला मी, डॉक्टरांच्या आणि त्याच्या परवानगीने, एकच प्रश्न विचारत असे: आता पुढं काय होणार आहे ते तुमच्या शब्दांत सांगाल? उत्तरं वहीत जशीच्या तशी उतरवली. लोक चुकीचं ऐकत नव्हते. त्यांच्याकडे आधीच एक नकाशा होता आणि डॉक्टरांचे शब्द ते त्या नकाशात बसवत होते. वरचा दात काढला की नजर कमी होते, हे निरनिराळ्या वस्त्यांतल्या लोकांनी मला जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. दाताची नस डोळ्याला जोडलेली असते, असं त्यांचं म्हणणं. एका बाईंना वाटत होतं की नस काढली म्हणजे दात मेला आणि मेलेली वस्तू तोंडात ठेवणं बरं नव्हे. त्यांना कॅप नको होती ती या कारणाने. डॉक्टर मात्र समजत होत्या की बाईंना वेळ नाही.

आणि जवळजवळ प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न सेव, म्हणजे आपली तिखट शेव, तिच्याबद्दल असे. दात काढलेला असो, भरलेला असो, नुसता साफ केलेला असो.

“भिया, वो सब ठीक है. सेव कब से चालू करें?” इंदुरात समोर बाई असली तरी ‘भिया’च.

डॉक्टरांनी पहिल्या वर्षी या प्रश्नाला हसून उत्तर दिलं होतं. आता त्या गंभीरपणे दिवस सांगत. जाड सेव आणि बारीक सेव यांचे दिवस वेगळे होते. मी ते कागदावर घेतलं. सगळ्यात जास्त वाचली गेलेली ओळ तीच.

कागद लिहायला आठ दिवस लागले. ‘पल्प’च्या जागी ‘दाताच्या आतला जिवंत भाग, ज्याला आपण नस म्हणतो’ असं आलं. ‘प्रोग्नोसिस’च्या जागी ‘हा दात किती टिकेल’ हा प्रश्न आला आणि त्याखाली उत्तर, ज्यात बहुतेक वेळा ‘नक्की सांगता येत नाही’ असं लिहावं लागलं. प्रत्येक मसुदा बाई मोठ्याने वाचत. जिथं त्या अडखळत, तिथं वाक्य मोडून पुन्हा लिहिलं. डॉक्टरांनी दोनदा वाचलं, दोन ठिकाणी वैद्यकीय दुरुस्ती केली आणि छापायला दिलं.

आता चुकीबद्दल.

डेस्कवर एक सवय हाडात भिनते. जे पक्कं आहे ते वर घ्यायचं. ज्याच्यामागं ‘बहुधा’, ‘शक्यता आहे’ असं लावावं लागतं ते खाली. ‘दात तुटला आणि आतून सडला असेल तर’ या कागदावर तीन पर्याय होते. दात काढून टाकणं, मूळ वाचवून त्यावर कॅप बसवणं आणि काही दिवस थांबून पाहणं. यात पक्कं असं एकच होतं. दात काढला की तो निघतो, एका बैठकीत, त्यात ‘बहुधा’ काही नाही. मूळ वाचेल की नाही हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. थांबण्याचं तर काहीच सांगता येत नाही. म्हणून मी काढणं पहिल्या क्रमांकावर घेतलं, मूळ वाचवणं दुसऱ्या आणि थांबणं तिसऱ्या. आकडे मीच घातले. आकडे घातले की पान स्वच्छ दिसतं.

डॉक्टरांच्या नजरेला यात काही खटकलं नाही, कारण त्यांच्या लेखी यादी म्हणजे यादी. माझ्या लेखी तो खात्रीचा क्रम होता. वाचणाऱ्याने त्याचं काय केलं असेल, हे विचारायला मी तीन आठवडे बाकावर बसले होते आणि कागद छापून आल्यावर नेमकं तेच विचारायचं राहिलं.

महिन्याभराने एकदा बाई म्हणाल्या, “आजकल सब निकलवाने का ही बोल रहे. पहिले तर लोक काढायला घाबरत होते.” डॉक्टर हातमोजे काढत होत्या. त्या म्हणाल्या, शाळा सुरू होतायत, लोकांना फेऱ्या नको असतात. मला ते पटलं. बाईंना पटलं नव्हतं, पण त्यांनी पुढं काही म्हटलं नाही.

श्रावण सुरू झाल्यावर एका गुरुवारी सकाळी मी पुन्हा बाकावर जाऊन बसले होते. कागद कसा चालतो आहे ते पाहायचं होतं. शेजारी एक गृहस्थ बसले होते, सत्तरीच्या जवळचे, पाठ सरळ, बुटांना पॉलिश. महूहून पहिल्या बसने आले होते. बोलताना तोंडासमोर रुमाल धरत. वरचा पुढचा एक दात काळपट पडून तिरका तुटला होता आणि त्याच्यावरची हिरडी सुजली होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“दात निघणार,” ते म्हणाले.

“कागदावर आणखीही पर्याय होते ना?”

“होते. दोन नंबर, तीन नंबर. पण डॉक्टरांनी एक नंबरवर हे लिहिलंय.” त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. पहिल्या पर्यायासमोर निळ्या पेनाने टिक होती.

“एक नंबर म्हणजे?”

त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. “ताई, मी फौजेच्या बँडमध्ये होतो. ऑर्डरमध्ये जे वर असतं ते आधी. बायको पण म्हणाली, लिहिलंय ते करा, आपलं डोकं चालवू नका.” मग थोड्या वेळाने, मी विचारलेलं नसताना, म्हणाले, “आज सकाळी वाजवून आलो. आता बंद.”

“काय वाजवून?”

“क्लॅरिनेट.”

त्यांनी माझ्या हातातलं बॉलपेन मागून घेतलं आणि ओठांशी धरून दाखवलं. खालचा ओठ खालच्या दातांवर आत वळवायचा, त्यावर रीड, म्हणजे वेताची पातळ पट्टी, टेकते. वरून मात्र ओठ नाही, थेट दात. वाद्याचं वरचं टोक पुढच्या दोन दातांखाली दाबून धरायचं. “त्यातही माझं वजन ह्याच्यावर,” असं म्हणून त्यांनी तुटक्या दाताकडे बोट केलं. “हा गेला की तोंड हललं. तोंड हललं की सूर गेला. इस उमर में नया मुँह कौन बनाएगा.”

फौजेतून निवृत्त झाल्यावर ते महूला चार-सहा जणांना शिकवत होते. शिवाय दर गणेशोत्सवात इंदूरच्या एका मराठी मंडळात नाट्यगीतं वाजवत. यंदा दुसरा माणूस बघा, असं मंडळाच्या चिटणीसांना त्यांनी आदल्याच दिवशी फोनवर कळवलं होतं.

“हे डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं नाही. आणि फौजेत डॉक्टरसमोर कुणी आपल्या आवडी सांगत नाही.”

तेवढ्यात बाईंनी त्यांना आत बोलावलं. ते उठले, शर्ट नीट केला आणि गेले. मी वही मिटली. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या कागदाबद्दल होतं, हे लक्षात यायला मला काही क्षण लागले. मग मी न विचारता आत गेले.

डॉक्टरांच्या हातात इंजेक्शन होतं. “काकू, दोन मिनिटं.”

“नाही, आत्ताच,” मी म्हटलं. तीन वाक्यं सांगितली. हे क्लॅरिनेट वाजवतात. वाद्य याच दाताखाली धरतात. कागदावरचा ‘एक’ हा आकडा म्हणजे तुमचा हुकूम, असं त्यांना वाटलं आहे.

डॉक्टरांनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. “खरं आहे हे?”

“जी.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“आपने पूछा नहीं, मॅडम.”

“अहो, पण मी तोंडी सांगितलं होतं की दात वाचवून बघता येईल.”

“सांगितलं होतं. त्यानंतर हा कागद दिलात. लेखी ऑर्डर तोंडी ऑर्डरच्या वर असते.”

डॉक्टरांनी खुर्ची सरळ केली, सूज उतरण्यासाठी गोळ्या लिहून दिल्या आणि सोमवारी वाद्य घेऊन यायला सांगितलं.

“इथं?” ते म्हणाले.

“इथंच. मला बघायचंय.”

ते गेल्यावर आम्ही तिघींनी कागद छापून आल्यापासूनचे केसपेपर काढले. बाई म्हणाल्या, “मी बोलले होते,” आणि मग त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. ज्यांनी दात काढून घेतले होते, त्यांचे एक्स-रे डॉक्टरांनी एकेक करून पुन्हा पाहिले. बहुतेकांचे दात कोणत्याही परिस्थितीत काढावेच लागले असते. दोघांच्या बाबतीत त्या बराच वेळ पडद्यासमोर बसल्या. “ह्या दोघांचं सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “मी आग्रह धरला असता तर कदाचित.” काढलेला दात परत लावता येत नाही, तेव्हा फोन करून काय सांगायचं यावर आम्ही बोललो. त्यांनी तरीही दोघांना फोन केला. एकाने सांगितलं की निघाला ते बरंच झालं, आता शांत झोप लागते. दुसऱ्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि ती जागा कधी भरता येईल, एवढंच विचारलं.

उरलेले कागद मी घरी नेले. आकडे काढले. तिन्ही पर्याय एकाखाली एक न ठेवता शेजारी-शेजारी तीन चौकटींत घेतले.

सोमवारी गृहस्थ काळी पेटी घेऊन आले. बाकावरच्या लोकांना वाटलं, डॉक्टरांचं काही यंत्र आलं आहे.

“काका, जास्त जोरात नको,” बाई म्हणाल्या. “समोर लग्नाच्या बँडवाल्याची दुकान आहे. तो म्हणेल, मॅडमने नया धंदा खोल लिया.”

“त्याला बोलवा. पाच मिनिटांत नोकरीवर ठेवेल मला.”

“दात बसू द्या आधी. बिना दात के कौन रखता है.”

आत त्यांनी वाद्य जोडलं. तोंडात धरायच्या टोकावर, वरच्या बाजूला, रबराचा एक छोटा तुकडा चिकटवला होता. सायकलच्या ट्यूबचा, ते म्हणाले, म्हणजे दात घसरत नाही. डॉक्टरांनी तो तुकडा भिंगाखाली धरला. रबरावर दोन खळगे पडले होते. एक खोल, जवळजवळ आरपार. शेजारचा नुसता ओरखड्याएवढा.

डॉक्टर बराच वेळ ते पाहत राहिल्या. नंतर त्यांनी मलाही दाखवलं. “बघा. एक्स-रेमध्ये हे कधीच दिसलं नसतं. सगळा भार एकाच दातावर घेतात हे. शेजारचा किंचित आखूड आहे ना, म्हणून.” त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच नवशिकीचं कुतूहल होतं. कॉलेजच्या पुस्तकात वाद्य वाजवणाऱ्यांबद्दल दोनच ओळी होत्या, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. एक्स-रेचा पडदा बंद होता. हातात ते रबर आणि प्लॅस्टिकच्या दातांचा नमुना.

“फायदे-तोटे राहू द्या, मॅडम,” गृहस्थ म्हणाले. “वाद्य तोंडात धरल्यावर काय होईल, तेवढं सांगा.”

“ठीक. दात काढून तिथं काढता-घालता येणारा दात बसवला, तर खाताना चालेल. वाद्याचा दाब आला की तो डुगडुगेल.”

“मग तो बाद.”

“ब्रिज केला, म्हणजे शेजारच्या दोन दातांना धरून मधला बसवला, तर हलणार नाही. पण त्यासाठी शेजारचे दोन्ही चांगले दात घासून बारीक करावे लागतील. तीनही दातांचा आकार थोडा बदलेल.”

“चांगले दात कशाला घासायचे?”

“मलाही तेच वाटतं. तिसरं, हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, इम्प्लांट. तो सगळ्यात घट्ट. पण आधी जखम भरायची, मग हाडाने स्क्रू धरायचा, यात काही महिने जातात. गणपती हुकतील. आणि एक सांगते. आपला दात हाडात थेट रोवलेला नसतो, मध्ये एक पातळ गादी असते. दाब आला की तो केसभर दबतो आणि आपल्याला ते कळतं. स्क्रूला ती गादी नसते. वाजवताना तुम्हाला ते कसं वाटेल, मला सांगता येणार नाही.”

“सूर दातातून डोक्यात येतो,” ते म्हणाले. “कानाच्या आधी.”

डॉक्टरांनी हे लिहून घेतलं.

“आणि चौथं, आहे तेच मूळ ठेवायचं. आतली सडलेली नस काढायची, पोकळी साफ करून भरायची, आत एक बारीक खुंटी बसवायची आणि खुंटीवर कॅप. गादी तुमचीच राहील. पण मुळाला तडा असेल तर हे जमणार नाही, ते उघडल्यावरच कळेल. जमलं, तरी एवढा भार घेऊन ते किती वर्षं टिकेल, माहीत नाही. पाच, दहा, किंवा पुढच्या वर्षीच मोडेल.”

“मोडलं तर?”

“तर काढायचा आणि तेव्हा बाकीचे तीन पर्याय पुन्हा समोर.”

ते थोडा वेळ वाद्याच्या कळा नुसत्याच दाबत बसले. “म्हणजे चौथ्यात रस्ता बंद होत नाही.”

“नाही होत.”

“तडा नसेल तर चौथं.”

तेव्हाच पहिली अडचण आली. डॉक्टरांचं म्हणणं, नवी कॅप केसभर आखूड ठेवू, म्हणजे भार दोन्ही दातांवर वाटला जाईल आणि मूळ जास्त टिकेल. गृहस्थांनी नकारार्थी मान हलवली. दोन्ही दातांवर वजन घेतलं तर वाद्याचा कोन बदलेल. चाळीस वर्षं तोंड एका कोनात बसलं आहे. डॉक्टर म्हणाल्या, जुन्या लांबीची केली तर मोडण्याची शक्यता वाढते. ते म्हणाले, आखूड केली तर वाजवण्यासारखं काही उरणार नाही, मग टिकून काय करायचं. दोघंही शांतपणे बोलत होते आणि दोघांचंही बरोबर होतं. शेवटी ठरलं की आधी कच्ची कॅप लावायची, जी घासता आणि वाढवता येते. वाजवून पाहायचं. पक्की कॅप त्यानंतर.

काही कापण्याआधी डॉक्टरांनी तुटक्या दातासकट सगळ्या दातांचा साचा घेतला. दात उघडला तेव्हा तडा दिसला नाही. पुढच्या दोन खेपांत मूळ साफ होऊन भरलं गेलं.

त्याच दिवसांत मी कागदाचं वरचं टोक बदललं. आता पहिली ओळ पर्यायांची नव्हती. रुग्णासाठी एक प्रश्न होता: हा दात तुम्ही कशाकशासाठी वापरता? खाली तीन रिकाम्या ओळी. डॉक्टरांना आधी वाटलं, सगळे ‘खाण्यासाठी’ लिहितील. कृष्णपुऱ्याकडून आलेल्या एका शिंप्याने लिहिलं, धागा तोडायला, दिवसातून शंभर वेळा. एका शिक्षिकेने लिहिलं, ‘स’ म्हणायला, वर्गात मुली हसतात. एका गृहस्थांनी प्रामाणिकपणे सुपारीचं लिहिलं आणि ‘घरी सांगू नये’ अशी पुस्ती जोडली. एका मुलीने, जिचं लग्न ठरलं होतं, फक्त ‘फोटो’ असं लिहिलं. डॉक्टर ते कागद आता इंजेक्शनच्या ट्रेशेजारी ठेवतात.

कच्ची कॅप बसवायचा दिवस शनिवार होता. गणपतीला पंधरा दिवस राहिले होते. डॉक्टरांनी कॅप आखूड ठेवून बसवली, सुकू दिली आणि म्हणाल्या, वाजवा. गृहस्थांनी रबराचा नवा तुकडा लावला होता. त्यांनी वाद्य तोंडाला लावलं आणि जो आवाज आला तो बाहेर बाकापर्यंत गेला. फाटका, वर चढून तुटलेला.

“काका, ये तो ॲम्ब्युलन्स है,” बाहेरून बाई म्हणाल्या.

त्यांनी वाद्य खाली घेतलं, ओठ पुसले, पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. डॉक्टरांनी रबर काढून भिंगाखाली धरलं. दोन सारखे खळगे, दोन्ही उथळ. त्यांच्या दृष्टीने हे उत्तम होतं. त्यांनी गृहस्थांकडे पाहिलं आणि कॅपच्या टोकाला थोडं द्रव्य लावून ती वाढवली. निळा दिवा धरून ते घट्ट केलं. पुन्हा वाजवलं. या खेपेला खालचा सूर आला, भरदार, लांब, पण वर जाताना कडेने हवा सुटत होती. थोडं घासलं. पुन्हा. बाकावरचे लोक आता बोलायचे थांबले होते. एक जण आपला नंबर आला असूनही उठला नाही.

किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. एका टप्प्यावर लांबी आधीच्या दाताएवढीही नव्हती आणि डॉक्टरांनी सुरुवातीला ठेवली होती तेवढी आखूडही नव्हती. तिथं गृहस्थांनी मधल्या पट्टीतला एक सूर धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्याच्यावरचा. त्याच्याही वरचा किंचित डगमगला, पण तुटला नाही.

रबरावर एक खळगा खोल होता, दुसराही बऱ्यापैकी खोल.

“पहिल्यासारखं आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही.” त्यांनी जिभेने दात चाचपून पाहिला. “कोन बदललाय. ओठाला नव्याने शिकवावं लागेल. दोन महिने, तीन महिने.”

“मग आणखी वाढवू?”

“आणखी वाढवला तर मोडेल म्हणता ना?”

“मोडण्याची शक्यता जास्त.”

त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं. “राहू द्या असाच. ओठ शिकेल.”

डॉक्टरांनी केसपेपरवर पक्क्या कॅपची तारीख लिहायला पेन उचललं आणि विचारलं, कोणती टाकू? ते म्हणाले, आत्ता टाकू नका, मी कळवतो. डॉक्टरांनी ती जागा मोकळी सोडली.

वाद्य पेटीत ठेवून झाल्यावर त्यांनी बाहेर दाराशी उभं राहून मंडळाच्या चिटणीसांना फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. यांनी ऐकून घेतलं.

“नाही, नाही, त्याला नका सांगू, मीच येतो,” ते म्हणाले. “पण तीन नाही, दोन गाणी. वरच्या पट्टीतलं यंदा धरू नका. हो. पुढच्या वर्षी बघू.” मग थोडं थांबून, “दात? आहे. जागेवर आहे.”

फोन ठेवून ते परत आत आले आणि बाईंना विचारलं, सोमवारी सकाळची पहिली वेळ मिळेल का. तोवरचे दोन दिवस अर्धा-अर्धा तास वाजवून कच्ची कॅप कशी राहते ते त्यांना पाहायचं होतं, पक्कीची तारीख त्यानंतर.